विश्लेषण : जमीन वारशाने, वेठही वारशाने… डॉ. आंबेडकरांनी महार वतनाविरुद्ध लढा का दिला?

जमीन वडिलांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे जाते, याचे कुणाला नवल वाटत नाही. पण त्या जमिनीबरोबर गावाची सक्तीची चाकरीही पिढ्यान् पिढ्या गळ्यात पडत असेल तर? जमीन घराण्याबाहेर विकता येत नसेल आणि ती सोडल्याशिवाय चाकरीतून सुटकाही होत नसेल तर? महाराष्ट्रात महार वतन नावाची अशी व्यवस्था विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालू होती. तिच्याविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकर दीर्घकाळ लढले. महाडचे तळे, काळाराम मंदिर आणि राज्यघटना यांच्या तुलनेत या लढ्याची चर्चा कमी होते. मात्र त्याचे धागे आजच्या सातबारा उताऱ्यापर्यंत येऊन पोहोचतात. काय होता हा लढा?

वतन म्हणजे नेमके काय?

जुन्या गावगाड्यात गावाची कामे करणाऱ्यांना सरकार पगार देत नसे, जमीन देई. त्या जमिनीवर सारा माफ असे किंवा नाममात्र असे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे यांना अशी वतने होती, तशीच ती महारांनाही होती. वतन एका माणसाचे नसून घराण्याचे असे. बाप गेला की मुलाला जमीन मिळे आणि कामही मिळे.

ब्रिटिश सरकारने १८७४ मध्ये मुंबई इलाख्यासाठी वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा केला आणि ही पद्धत कागदावर पक्की केली. लोक त्याला वतन कायदा म्हणत. या कायद्यानुसार वतनदाराला सरकारी मंजुरीशिवाय आपली जमीन त्याच वतनातील भागीदार सोडून इतर कुणालाही आपल्या हयातीनंतर टिकेल अशा रीतीने विकता किंवा गहाण ठेवता येत नसे. १८८६ च्या दुरुस्तीने वारसाहक्क आणखी आवळला. शेवटच्या पुरुष मालकाची विधवा वगळता घराण्यातील इतर स्त्रियांचा आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांचा क्रम घराण्यातील सर्व पात्र पुरुषांच्या नंतर लावण्यात आला. थोडक्यात, जमीन रक्ताच्या नात्यात, आणि त्यातही पुरुषांच्या वंशात बांधून ठेवली गेली.

मग महार वतन वेगळे कसे?

फरक कामात होता. सरकारी वसुली तालुक्याला पोहोचवणे, निरोप घेऊन गावोगाव जाणे, आलेल्या अधिकाऱ्याच्या दिमतीला राहणे, गावाची राखण करणे, शिवेच्या वादात हद्द दाखवणे, मयताची खबर परगावी नेणे, मेलेली गुरे ओढून नेणे, अशी महारांच्या कामांची यादी लांबलचक होती. तिला शेवट नव्हता आणि तिचे तासही ठरलेले नव्हते. रात्री-अपरात्री हाक आली की निघावे लागे. घरचा कर्ता बाहेरगावी असेल तर घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी जावे लागे. म्हणजे नोकर एक माणूस नव्हता, अख्खे कुटुंब होते.

मोबदला तीन प्रकारचा होता. थोडी वतनी जमीन, गावकऱ्यांकडून धान्याच्या रूपाने मिळणारे बलुते आणि काही ठिकाणी सरकारकडून किरकोळ रोख रक्कम. त्यातही वतनी जमिनीवर ‘जुडी’ नावाचा हलका सारा भरावा लागे. बलुते द्यायचे की नाही, किती आणि कसल्या प्रतीचे द्यायचे, हे प्रत्यक्षात गावाच्या मर्जीवर होते. अस्पृश्यांनी मान वर केली की पहिले हत्यार उपसले जाई ते बहिष्काराचे. बलुते बंद, मजुरी बंद, दुकानातून माल बंद.

वाटण्यांचे गणित काय सांगते?

उदाहरणादाखल एक हिशेब करून पाहू. समजा, एका घराण्याकडे ८ एकर वतनी जमीन आहे. प्रत्येक पिढीत प्रत्येकाला ४ मुलगे झाले, तर तिसऱ्या पिढीत ६४ वाटेकरी होतात. ८ एकर म्हणजे ३२० गुंठे. प्रत्येकाच्या वाट्याला येतात ५ गुंठे. एवढ्यात एका घराचे पोट भरत नाही. पण या ६४ घरांपैकी एकही घर वतनाच्या कामातून मोकळे होत नाही. जमिनीचे तुकडे पडत गेले तरी गावाची हाक होती तेवढीच राहिली.

तरीही लोक वतन का सोडत नव्हते? कारण त्यांच्याकडे जमीन म्हणावी अशी तेवढीच होती. ती गेली तर गावात पाय ठेवायलाही हक्काची जागा उरली नसती. शिवाय वतनाला मानाची एक झालर होती. बिदरच्या बादशहाने ५२ हक्क दिल्याची कथा घरोघरी सांगितली जाई. पोट भरत नाही आणि सोडवतही नाही, अशा या जमिनीला बाबासाहेबांनी गुलामगिरीचे मूळ मानले.

बाबासाहेबांचा या प्रश्नाशी संबंध कसा आला?

त्यांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले आंबडवे. पण त्यांचा जन्म गावात झाला नाही. १४ एप्रिल १८९१ रोजी ते महू या लष्करी छावणीच्या गावी जन्मले. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते, आजोबा मालोजीही सैन्यात होते. त्या काळी महार तरुणांना गावकीतून बाहेर पडण्याची जी मोजकी दारे होती, त्यात सैन्य हे मोठे दार होते. तिथे पगार होता, शिक्षण होते आणि हुद्दा कामावर मिळत होता. पुढे महारांची सैन्यभरती बंद झाली आणि ते दारही मिटले.

रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब दापोलीला आणि नंतर साताऱ्याला आले. भीमराव साताऱ्यात शाळेत शिकले. पुढे मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ मध्ये मॅट्रिक आणि एल्फिन्स्टन कॉलेजमधून १९१२ मध्ये बी.ए. झाले. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ मध्ये ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे आणि नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. १९१७ मध्ये परतल्यावर बडोद्यात नोकरी सुरू केली, पण जातीमुळे राहायला घर मिळेना आणि शहर सोडावे लागले. अमेरिकेत शिकून आलेल्या माणसालाही जन्माने चिकटलेली ओळख पुसता आली नव्हती. वतनाचा प्रश्नही असाच जन्माशी बांधलेला होता.

शेतजमिनीवर अर्थतज्ज्ञ म्हणून त्यांचे म्हणणे काय होते?

१९१८ मध्ये त्यांनी भारतातील लहान शेतजमिनींवर एक निबंध प्रसिद्ध केला. वाटण्यांमुळे शेताचे तुकडे होतात, म्हणून ते एकत्र करावेत किंवा जमीन एकाच वारसाकडे ठेवावी, असे उपाय तेव्हा चर्चेत होते. बाबासाहेबांनी प्रश्न वेगळ्या बाजूने मांडला. शेत लहान की मोठे हे फक्त एकरांवर ठरत नाही. त्यावर किती भांडवल, अवजारे आणि श्रम लागतात त्यावर ठरते. खरी अडचण ही की फार मोठी लोकसंख्या शेतीवरच अवलंबून आहे. त्यांना उद्योगांत काम मिळाले की जमिनीवरचा भार हलका होईल.

हेच सूत्र त्यांनी पुढे मुंबईच्या कायदे कौन्सिलात धरले. १९२७ च्या ऑक्टोबरमध्ये तिथे लहान शेतकऱ्यांसंबंधीचे एक विधेयक चर्चेला आले. ठरावीक आकाराखाली जमिनीची वाटणी होऊ नये, असा त्याचा रोख होता. बाबासाहेबांनी विरोध केला. एका वारसाला जमीन देऊन उरलेल्यांना भूमिहीन करणे हा उपाय नव्हे, मालकी कायम ठेवून तुकड्यांची सहकारी शेती करावी, अशी त्यांची सूचना होती.

वतनाविरुद्ध आवाज कुणी उठवला होता का?

याआधीचे मोठे पाऊल कोल्हापुरात पडले होते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानातील महार वतने रद्द करून त्या जमिनी रयतावा केल्या. जमीन राहिली, वेठ गेली. दोन वर्षांनी, मार्च १९२० मध्ये, माणगाव येथील परिषदेत शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंचावर आले. त्याच वर्षी जानेवारीत बाबासाहेबांनी ‘मूकनायक’ सुरू केले होते आणि त्याला महाराजांचे साह्य मिळाले होते. मात्र कोल्हापूर हे संस्थान होते, तिथे राजाचा हुकूम पुरेसा होता. ब्रिटिशांच्या मुंबई इलाख्यात कायदाच बदलावा लागणार होता.

१९२८ चे विधेयक काय होते?

लंडनहून डी.एस्सी. आणि बॅरिस्टर होऊन परतलेले बाबासाहेब १९२७ मध्ये मुंबई कायदे कौन्सिलचे नियुक्त सदस्य झाले. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडचा सत्याग्रह झाला. ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाले आणि त्यातून त्यांनी महार वतनाचा प्रश्न लेखमालेतून मांडला. मग मार्च १९२८ मध्ये त्यांनी १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक कौन्सिलात आणले.

त्याचे मुख्य मुद्दे तीन होते. पहिला, ज्या वतनदारांना गावकीचे काम नको आहे त्यांना ते सोडता यावे आणि पूर्ण सारा भरून जमीन मात्र त्यांच्याकडेच राहावी. दुसरा, ज्यांना काम करायचे आहे त्यांची कामे ठरवून द्यावीत. तिसरा, बलुत्याचे रूपांतर रोख रकमेत करून ती साऱ्याबरोबर वसूल करावी, म्हणजे मोबदल्यासाठी दारोदार फिरावे लागणार नाही.

यात नवे काहीच नव्हते, हा या विधेयकातला सर्वांत टोकदार भाग होता. कामातून मुक्त करून जमीन ठेवू देण्याची तरतूद १८७४ च्या कायद्यात होतीच. त्याआधी एकोणिसाव्या शतकातच देशमुख-देशपांड्यांसारख्या वरच्या वतनदारांना सरकारने चाकरीतून मोकळे करून जमिनी ठेवू दिल्या होत्या. वरच्यांना मिळालेली सवलत खालच्यांना मात्र अधिकाऱ्याच्या मर्जीवर होती. बाबासाहेब ती मर्जी काढून तिथे हक्क बसवू पाहत होते.

विधेयकाचे पुढे काय झाले?

ऑगस्ट १९२८ मध्ये त्यांनी कौन्सिलात त्यावर सविस्तर भाषण केले. विधेयक प्रवर समितीकडे गेले. बलुत्याऐवजी रोख पट्टी द्यायला गावकऱ्यांची बाजू मांडणारे सदस्य तयार नव्हते. सरकारलाही स्वस्तात राबणारी माणसे सोडायची नव्हती. महारांऐवजी पगारी माणसे नेमली असती तर तिजोरीवर मोठा बोजा पडला असता. समितीतून विधेयक इतके बदलून आले की मूळ हेतूच उरला नाही. १९२९ मध्ये बाबासाहेबांनी ते मागे घेतले.

दुसरीकडे महार समाजातही भीती होती. काम सोडले आणि सरकारने जमीनच काढून घेतली तर? ही भीती खोटी नव्हती. म्हणूनच बाबासाहेबांना गावोगावच्या परिषदांत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागली. सोडायची आहे ती वेठ, जमीन नव्हे.

पुढे लढा कसा वाढला?

१९३६ मध्ये त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई विधानसभेत त्यांनी पुन्हा वतनाचा प्रश्न मांडला. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला कोकणातील खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयकही आणले. खोत हे वंशपरंपरेने सारा वसूल करणारे मध्यस्थ होते आणि कुळे त्यांच्या दयेवर जगत. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकऱ्यांनी मुंबईत विधानसभेवर मोर्चा काढला. त्यात फक्त अस्पृश्य नव्हते, कुणबी आणि आगरी कुळेही होती. घराण्याच्या नावाने चालणारा जमिनीवरचा हक्क एकट्या महारांचा प्रश्न नाही, हे या मोर्चाने दाखवले.

याच सुमारास सरकारने वतनी जमिनींवरील आकारणी वाढवली. काम तेच, मोबदला तोच आणि सारा मात्र जास्त. त्याविरुद्ध डिसेंबर १९३९ मध्ये नगर जिल्ह्यातील हरेगाव येथे महार, मांग आणि वेठिया यांची परिषद झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये नाशिक जिल्ह्यातील सिन्नर येथेही परिषद झाली. दोन्ही ठिकाणी बाबासाहेब स्वतः गेले होते.

वतनाचा आणि हिंदू कोड बिलाचा काही संबंध आहे का?

दोन्ही कायदे वेगळे, पण प्रश्न एकाच जातीचा. स्वातंत्र्यानंतर देशाचे पहिले कायदामंत्री झालेल्या बाबासाहेबांनी हिंदू कोड बिल पुढे नेले. त्यात वडिलांच्या मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच वाटा देण्याची तरतूद होती. वतनाच्या वारसाहक्कात १८८६ पासून मुलीला घराण्यातील सगळ्या पुरुषांच्या मागे उभे केले होते. वतन असो वा एकत्र कुटुंबाची मालमत्ता, कुणी कुठल्या घरात आणि मुलगा की मुलगी म्हणून जन्म घेतला यावर हक्क ठरत होता. बाबासाहेबांचा आक्षेप या पायालाच होता. बिल रखडले आणि सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

हिंदू वारसा कायदा जून १९५६ मध्ये लागू झाला, पण वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला जन्मतः समान हक्क महाराष्ट्रात १९९४ मध्ये आणि देशभरात २००५ मध्ये मिळाला.

महार वतन अखेर कधी रद्द झाले?

वरच्या वतनांचा नंबर आधी लागला. परगणा व कुलकर्णी वतने रद्द करणारा कायदा १९५० चा, खोती रद्द करणारा १९४९ चा. गावच्या कनिष्ठ वतनांचा कायदा मात्र १९५८ मध्ये झाला आणि १ फेब्रुवारी १९५९ पासून लागू झाला. तोवर बाबासाहेब राहिले नव्हते. ६ डिसेंबर १९५६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. विधेयक मांडल्यापासून कायदा लागू होईपर्यंत जवळपास ३१ वर्षे गेली.

या कायद्याने वतने आणि त्यांच्याशी जोडलेली सेवा संपली. जमिनी सरकारजमा झाल्या आणि ठरावीक रक्कम भरल्यावर त्या मूळ वतनदारांना परत देण्याची सोय केली. मुदतीत रक्कम न भरणाऱ्याचा ताबा अनधिकृत ठरण्याची आणि त्याला जमिनीवरून काढण्याचीही तरतूद होती. हातात रोख नसलेल्या कुटुंबांसाठी ही अट साधी नव्हती.

आज सातबाऱ्यावर याचा काय परिणाम दिसतो?

परत मिळालेल्या या जमिनी नव्या, अविभाज्य शर्तीने दिल्या गेल्या. त्यामुळे सातबाऱ्यावर त्या ‘भोगवटादार वर्ग २’ मध्ये दिसतात. जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय आणि शासनाने ठरवलेला नजराणा भरल्याशिवाय त्या हस्तांतरित करता येत नाहीत. हेतू चांगला होता. गरजेपोटी कवडीमोलाने जमीन जाऊ नये. पण शहरांच्या कडेला जमिनीला सोन्याचा भाव आल्यावर याच अटीभोवती वाद उभे राहतात. परवानगी होती का, नजराणा भरला का, सगळ्या वारसांची संमती होती का, हे प्रश्न महसूल कार्यालयांपासून न्यायालयांपर्यंत पोहोचतात. वाटेकऱ्यांची संख्या पिढ्यांनी वाढलेली असल्याने एका सातबाऱ्यावर नावांची लांब रांग असते.

ज्यांच्याकडे वतनही नव्हते त्यांचा प्रश्न वेगळाच राहिला. बाबासाहेबांचे सहकारी दादासाहेब गायकवाड यांनी १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांसाठी मोठे सत्याग्रह केले. वेठ संपवून भागत नाही, कसायला जमीन हवी, ही त्यांची मागणी होती.

महार वतनाची जमीन घेण्याचा विचार असेल किंवा आजोबांच्या नावाची अशी जमीन सापडली असेल, तर सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार आणि जमीन परत दिल्याचा आदेश आधी पाहावा. ती कुणाला, कोणत्या अटीवर आणि किती रक्कम भरून परत मिळाली, हे त्यात असते. जिथे रक्कम भरल्याची नोंदच नाही, तिथे मालकीचा प्रश्न अजून सुटलेला नसतो.